मुलगा गल्फमध्येच हवा

"गुडघ्याला लावायचं मलम द्या," तो म्हणाला.

इनशाने त्याच्यासमोर टूथपेस्ट ठेवली.

"अम्मीच्या गुडघ्याला अजून दात आलेले न्हाय," तो म्हणाला.

बोर्ली पंचतनच्या बाजारातल्या या मेडिकलात इनशाच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती. बाहेर परतीचा पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता. त्याची बाही भिजून हाताला चिकटली होती... तिने नजर वळवून मलम शोधलं. नाव अफान. दोहाहून आलेला.

"सुट्टी किती दिवस?" गल्फवाल्याला गावात हेच विचारतात.

"सुट्टी न्हाय. आलो तो आलोच."

इनशाचं मन खट्टू झालं. कारण सांगण्याजोगं नव्हतं.

एकतीस वर्षांच्या इनशाची स्थळांसाठी एकच अट होती: मुलगा गल्फमध्ये असावा, आणि तिथेच राहावा. इतर बायका नवरा कधी येणार म्हणून झुरत. इनशाला दोन वर्षांतून महिनाभर येणारा नवराही जरा जास्तच वाटे. इनशाच्या अम्मीचा समज, पोरीला सोन्याची हौस. खरं इतकंच होतं, की इनशाला माणसं आवडत, कुणाचा हात हातात घ्यावासाही वाटे. पण त्यापुढच्या ज्या गोष्टीसाठी जग कासावीस होतं, तिची इच्छा तिला कधी झालीच नाही. कुणाबद्दलच नाही. मोबाईलवर तिला याचं नाव सापडलं होतं: असेक्शुअल. नाव सापडलं म्हणून काउंटरवरचा धंदा बदलत नाही. शनिवारी दिवेआगरला निघालेली जोडपी गाडी चालू ठेवून येत, नजर चुकवत कंडोमचं पाकीट मागत. ती कागदात गुंडाळून देई. लग्न ठरलेले पोरगे घोड्याचं चित्र असलेल्या कॅप्सूल नेत. मिस्बाह या मैत्रिणीला तिने एकदा सांगून पाहिलं. "निकाह होऊ दे, आपोआप येईल," मिस्बाह म्हणाली. जणू ते श्रीवर्धनहून एसटीने निघालंच होतं.

अफान येत राहिला. त्याच्या अम्मीचा गुडघा बरा झाला, मग त्याचा स्वतःचा दुखू लागला.

"आज काय दुखतंय?"

"आज काहीच न्हाय. बरं असताना दुकान कसं दिसतं, ते बघायला आलो."

"कसं दिसतं?"

"दुकान... ठीक हाय."

मग त्याच्या घरून रिश्ता आला. शुक्रवारी ते बोलणी पक्की करायला मिठाई घेऊन येणार होते, आणि इनशाच्या अम्मीने गल्फची अट तिला न विचारताच सोडून दिली होती.

गुरुवारी दुपारी वीज गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, अफान होता.

"मला तुझ्याशी लग्न करावंसं वाटतं," इनशा म्हणाली. त्याचा चेहरा उजळला, तेव्हा पुढचं बोलणं तिला आणखीच जड झालं. "पण नवरा-बायकोत जे असतं ना — ते नको वाटतं. तुझ्याशी म्हणून न्हाय. कुणाशीच."

त्याने आवाज खाली आणला. "कुणी काही केलं का तुला?"

"न्हाय."

"मग आजार..."

"मेडिकलात उभी आहे मी. आजार असता तर औषध घेतलं असतं."

"म्हणून गल्फवाला हवा होता?"

"तो लांब राहिला असता. खोटं कमी बोलावं लागलं असतं."

"मग मी कशाला? मी तर रोज घरात असणार."

"तेच तर," इनशा म्हणाली. "तू रोज घरात असावास, असं वाटायला लागलं."

अफानने काचेवर बोट फिरवलं. "मला हवं असतं ते, इनशा. उगाच न्हाय कशाला म्हणू?"

"माहीत आहे. म्हणून शुक्रवारच्या आत सांगितलं."

"अम्मीला सांगतो, उद्या मिठाई नको."

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' ती घरूनच तयार करून आली होती.

"नुसते चहाला येऊ. तू-मी बोलू. पुढच्या शुक्रवारी परत. मला हे समजायला वेळ लागेल... मिठाईचं मग बघू."

"आणि न्हाय जमलं तर?"

"तर मेडिकल बदलावं लागेल. श्रीवर्धन फार लांब पडतं."

इनशाला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. काउंटरमागचं आपलं स्टूल तिने उचललं आणि बाहेर, त्याच्या बाजूला नेऊन ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "उभ्याने किती बोलणार?"