आधी आलेली पोच

भुतं रात्रीच येतात असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, तो दुपारी ढाराढूर झोपणारा माणूस असावा. वहिनींच्या घरात जे घडलं ते भर दुपारी घडलं. आणि सुरुवात झाली ती अगदी साध्या कामानं. भाड्यानं एक सर्व्हर घ्यायचा होता, आणि घेण्याआधी त्याचा वेग तपासून बघायचा होता.

धंदा छोटा, पण जोखमीचा. काही आजारी माणसं घरीच श्वासाच्या मशीनवर असतात. मशीन अडलं, नळी निसटली, की मशीनला जोडलेली एक डबी इशारा पाठवते. तो इशारा भाड्याच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून नर्सांच्या केंद्रात घंटी होऊन वाजतो. इशारा मिळाला की सर्व्हर डबीला पोच देतो, म्हणजे डबीवर हिरवा दिवा लागतो. ही सगळी व्यवस्था वहिनींच्या नवऱ्यानं उभी केली होती. त्यांना सगळे दादा म्हणत. दादांना जाऊन वर्ष होत आलं होतं. एका सकाळी चहाचा कप हातात होता तो हातातच राहिला, आणि माणूस गेला. मागे धंदा वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर सांभाळत होते. आणि घरी मशीनवर असलेल्या त्या माणसांत एक खुद्द दादांची आई होती, आतल्या खोलीत.

जुना सर्व्हर देणारे आपलं दुकान गुंडाळत होते. संध्याकाळी तो बंद व्हायचा होता. त्याच्या आत दुसरा ठरवायचा, नाहीतर आईंचा श्वास अडला तरी केंद्रात कोणाला पत्ता लागणार नव्हता.

भाऊजींनी दोन सर्व्हर निवडून ठेवले होते आणि त्यांना नावंही ठेवली होती. एक जवळचा, जुनाट, हळू चालणारा, तो ‘कासव’. दुसरा समुद्रापलीकडचा, नवाकोरा, तो ‘गरुड’. भाऊजींचा जीव अर्थातच गरुडावर जडला होता. उतावळेपणात त्यांचा हात कोणी धरला नसता.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला, वहिनी?” केंद्रावर जायला निघताना ते दारातून म्हणाले. “दोन दिवस मोजतोय. काटा पार शेवटाला टेकतोय.”

“मोजलंत कशावर?”

“त्यांच्याच पानावर. चाचणीचं बटण असतं ना.”

“म्हणजे तराजू त्यांचा, मापं त्यांची. वजन भरणारच की, भाऊजी.”

भाऊजी हसले, पण वहिनींचं म्हणणं खोटं नव्हतं. असल्या बटणामागे बहुतेक वेळा त्याच कंपनीचं, त्याच दालनातलं दुसरं मशीन बसलेलं असतं. स्वयंपाकघरातून ओटीवर जायचं आणि गावाला जाऊन आलो म्हणून सांगायचं, त्यातली गत. शिवाय भाड्याच्या सर्व्हरवर आपल्यासारखेच आणखी भाडेकरू असतात. ते झोपलेले असताना मोजलं तर वाट मोकळीच दिसणार. आणि नव्याचे नऊ दिवस असतात ते वेगळेच. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

दादांचा आकड्यांवर विश्वास नव्हताच. त्यांचा विश्वास कानावर. त्यांनी स्वतःसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. इथून सर्व्हरला प्रश्न सुटला की लॅपटॉप ‘टिक’ करायचा, उत्तर आलं की ‘टक’. बस्स. दादा खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि टिक आणि टक यांच्यामधली शांतता ऐकायचे. ती लांबली तर सर्व्हर लांब, ती डळमळली तर वाटेत गर्दी. घरात सगळे त्यांची चेष्टा करायचे, आणि सर्व्हर मात्र त्यांनी पसंत केलेलाच टिकायचा.

वहिनींनी तोच प्रोग्राम सुरू केला. आधी कासव.

टिक… टक. टिक… टक.

हळू, पण एका लयीत. म्हाताऱ्या माणसानं काठी टेकत चालावं तसं.

मग त्यांनी गरुडाचा पत्ता घातला, भाऊजींनी चाचणीच्या पानावरून उतरवून ठेवलेला.

टिकटक. टिकटक. टिकटक.

वहिनींच्या कपाळावर आठी पडली. मधे शांतताच नव्हती. समुद्रापलीकडे जाऊन यायचं तर प्रकाशालासुद्धा थोडा वेळ लागतो, त्यातून कोणाची सुटका नाही. म्हणजे उत्तर देणारं मशीन समुद्रापलीकडे नव्हतं. या शहरातही ते असेल असं वाटेना. मधे एखादं लबाड मशीन बसवलं असेल, त्यांनी स्वतःची समजूत घातली. चाचणीत नंबर चांगला यावा म्हणून परस्पर उत्तरं देणारं. असले उद्योग करणारे लोक असतात.

खरं काय ते डबीजवळच कळणार होतं. लॅपटॉप तसाच चालू ठेवून, हातावर तोलत, त्या आईंच्या खोलीत गेल्या.

आईंना उजेड सोसत नसे, म्हणून तिथले जाड पडदे दिवसाही ओढलेले असत. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत पाऊल टाकलं की अंधार डोळ्यांना चिकटायचा. स्पिरिटचा वास, रबराचा वास, आणि मशीनचा तो संथ उसासा… आत, बाहेर… आत, बाहेर. आई मास्क लावून झोपल्या होत्या. वहिनींनी लॅपटॉप उशाशी स्टुलावर ठेवला आणि त्या ऐकत राहिल्या.

टिक आणि टक आता एकमेकांवर चढले होते. वेगळे काढताच येईनात. आणि त्याच वेळी त्यांना आणखी एक वास आला. तापलेल्या राळेचा, तारा जोडायला डाख देताना येतो तो. दादा डब्या जोडायला बसले की घरभर हाच वास असायचा. पण वर्षभरात या घरात कोणी डाख दिला नव्हता.

मग आवाजांचा क्रम बदलला.

टकटिक. टक… टिक.

उत्तर आधी येत होतं, आणि प्रश्न मागून सुटत होता.

त्यांनी प्रोग्राम बंद केला. खोलीत नुसता मशीनचा उसासा उरला. पण बाई घाबरली तरी काम सोडणारी नव्हती. त्यांनी डबी गरुडाला जोडली, भाऊजींना फोन लावला आणि डबीवरचं सरावाचं बटण दाबलं. या बटणानं खराखुरा इशारा जातो, फक्त नर्स धावत सुटत नाही.

बोट बटणावर टेकतं न टेकतं तोच हिरवा दिवा लागला.

“वाजली का घंटी?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“कसली घंटी?”

“मी सरावाचा इशारा पाठवला, भाऊजी. इथं पोच आलीय.”

“नाही हो… इथं सगळं शांत आहे. सिस्टर समोरच बसल्यात. पुन्हा दाबा बघू.”

पुन्हा दाबलं. पुन्हा दिवा. पलीकडे पुन्हा शांतता.

“थांबा, त्या कंपनीलाच विचारतो,” भाऊजी म्हणाले. “सोडत नाही आज त्यांना.”

त्यांचा फोन परत आला तेव्हा आवाजातली सगळी मस्ती उतरली होती.

“वहिनी… ते म्हणतात, आपलं मशीन त्यांनी अजून चालूच केलेलं नाही. उद्या करणार होते. मी तो पत्ता वाचून दाखवला. तर म्हणे, तो पत्ता सध्या कोणालाच दिलेला नाही. तिथं कोणी नाहीये.”

“मग उत्तर कोण देतंय?”

“मी तेच विचारलं. तो माणूस हसला. वहिनी, दोन दिवस मी वेग कोणाचा मोजत होतो?”

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी त्यांच्या मनात दुसरंच काही येऊन गेलं होतं. राळेचा वास त्यांनी पुन्हा एकदा खोल घेतला होता. तेच असतील का, असं त्यांना वाटलं, आणि क्षणभर फार बरं वाटलं. वर्षभरात कोणत्याच गोष्टीनं वाटलं नव्हतं इतकं. मग त्यांची नजर आईंच्या मास्ककडे गेली. जो कोणी होता तो इशारा मधेच घेत होता, ‘मिळाला’ म्हणत होता, आणि पुढे कोणालाच देत नव्हता. आईंचा श्वास अडला असता तर हिरवा दिवा लागला असता आणि सगळे निर्धास्त बसून राहिले असते.

“भाऊजी, गरुड नको. आत्ताच्या आत्ता कासव.”

“झालंच समजा,” भाऊजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाद घातला नाही.

वहिनींनी डबीतून गरुडाचा पत्ता पुसला, कासवाचा घातला, दोनदा वाचून बघितला. बटण दाबलं. काही झालं नाही. एक श्वास गेला… आणि मग दिवा लागला, आणि त्याच वेळी फोनमधून घंटीचा कर्कश आवाज आला.

“वाजली! वहिनी, वाजली!” भाऊजी लहान मुलासारखे ओरडले. मागून सिस्टर त्यांना ‘अहो, कान फुटतील’ म्हणाल्या, आणि वहिनींना त्या दुपारी पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी आणखी चार-पाच वेळा बटण दाबून बघितलं. दर वेळी मधे तोच लहानसा विलंब. कधी काळी त्या असल्या विलंबावर वैतागल्या असत्या. आज तो त्यांना देवासारखा वाटला. तो होता म्हणजे इशारा खरोखर कुठेतरी जाऊन येत होता.

लॅपटॉप बंद करून त्यांनी कपाटात ठेवला. राळेचा वास विरला होता. त्यांनी आईंचं पांघरूण सारखं केलं, चहा करून प्यायला, दोन वाट्या विसळल्या. भाऊजींचा निरोप आला की जुना सर्व्हर सोडून दिला, सगळी घरं कासवावर आली, काळजी नसावी. वहिनी आईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. आत, बाहेर… आत, बाहेर. त्यांचा डोळा लागणार इतक्यात अंधारात हिरवा उजेड पडला.

डबीवरचा दिवा लागला होता.

बटण कोणी दाबलं नव्हतं. मशीन नीट चालू होतं, नळी जागेवर होती. वहिनींनी कुजबुजत फोन केला. “भाऊजी… काही वाजलं?”

“नाही. का? काय झालं?”

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. आई जाग्या होत्या. कधीपासून होत्या कोण जाणे. मास्कच्या वर त्यांचे डोळे त्या हिरव्या ठिपक्याकडे लागले होते, आणि चेहऱ्यावर भीती म्हणून नव्हती.

“दिवा लागला ना गं?” मास्कमधून आवाज घुमून आला.

“हो, आई. तुम्हाला काही होतंय का? दम लागतोय?”

“छे. बरं वाटतंय.” मशीननं एक श्वास दिला, तो घेऊन त्या पुढे बोलल्या. “लहानपणापासूनची खोड त्याची. मी नुसतं तोंड उघडायचं… की आतून ‘ओ, आलो’. हाक मारायच्या आधीच.”

वहिनींनी त्यांचा हात घट्ट धरला. हात उबदार होता. दिवा विझत नव्हता.

“आई,” त्यांनी विचारलं, आणि स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना, “आत्ता… तुम्ही ह्यांना हाक मारलीत का?”

आईंनी उशीवर हळूच मान हलवली.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “अजून नाही.”