रूळ ओलांडताना

काचेच्या भांड्याच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनने नाव: ओडेल पर्विस. असलं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

कॉर्बिन जंक्शनचं स्टेशन आता आइस्क्रीमचं दुकान आहे. तिकिटाच्या खिडकीतून कोन मिळतात.

रस्त्यात कुणीही दिसो, ओळख असो नसो, हात वर करायचा.

शाळेच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर चांगला पोट सुटलेला आहे. रूळ आले की तोसुद्धा पाय उचलतो.

कुणी वारलं की त्या घरी फुलांच्या आधी भाजलेलं हॅम येतं.

*

आगगाडी बंद होऊन पिढी लोटली होती. रूळ उपटून तिथे फिरायची वाट केली होती. फक्त डेपो स्ट्रीटवर ते डांबरात रुतून राहिले होते. त्यांच्यावरून मोटार जाताना आतल्यांनी पाय उचलायचे. इथल्या भागात पोरं हा खेळ सगळीकडेच खेळतात. या गावात म्हातारेही खेळत.

डेल्फीन टॅकेट विम्याचे दावे तपासायची. माणसं खोटं कुठे बोलतात ते हुडकण्यावर तिचं पोट. शेजारच्या ओडेलबाईंना सगळं गाव मिस ओडेल म्हणे. या गावात नवं घर लावून होताच डेल्फीनने त्यांना विचारलं, "आणि नाही उचलले तर?"

"उचलावेत गं, पोरी. चालवणाऱ्याने डावा उचलला तरी भागतं."

"पण कशासाठी?"

"चहा गोड झालाय ना? की अजून साखर घालू?"

डेल्फीनचा नवरा रॉइस हसला. "उचल की, डेल. तेवढाच व्यायाम!"

हळूहळू तिचा डावा पाय आपोआप वर यायला शिकला.

*

त्या रविवारी चर्चच्या अंगणात गावजेवण होतं. रॉइस कामासाठी मोबील शहराला गेला होता. मागच्या सीटवर सहा वर्षांची लेक मेब्री, तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं कॉबलर: पाकातल्या पीचच्या फोडी, वर खरपूस कवच, अजून वाफाळणारं. रूळ आले. आरशात मेब्रीचे गुडघे वर येताना दिसले.

"मेब्री! पाय खाली. सांडेल ते!"

पाय खाली गेले. गाडीला दोन हिसके बसले.

चर्चपाशी मिस ओडेल भांडं घ्यायला पुढे आल्या. "पोरीने पाय उचलले ना?"

"कसे उचलणार? मांडीवर हे होतं."

मिस ओडेलनी भांडं खाली ठेवलं आणि डेल्फीनचे दोन्ही हात हातात घेतले. "मी कळवते सगळ्यांना."

"काय कळवता?"

जेवताना ताटल्या मेब्रीच्या डोक्यावरून पुढे जात राहिल्या. डेल्फीन म्हणाली, "हिलाही वाढा ना चिकन." वाढणारीचे डोळे भरून आले. "देव तुम्हाला बळ देवो, बाई."

*

सोमवारी शाळेची बस दारावरून न थांबता गेली.

मेब्रीला घेऊन डेल्फीनने तिकिटाच्या खिडकीत दोन कोन मागितले. "घ्या, बाई, दोन घ्या," दुकानदार हळुवारपणे म्हणाला. "अशा वेळी मन मागेल ते खावं."

मग हॅम आलं. मागोमाग बटाट्याचं सॅलड, भरलेली अंडी. प्रत्येक भांड्याखाली पट्टी.

गावाने एकी करून बोललेलं खोटं डेल्फीनने कामात आधीही पाहिलं होतं. कुणीतरी घसरतंच. ती पाहत राहिली. मेब्री व्हरांड्याच्या मधोमध बसून रंगवत होती. भांडी घेऊन येणाऱ्या बायका तिच्याकडे बघत नव्हत्या. पण एकीचाही पाय तिला लागला नाही.

"सापडलात!" ती मिस ओडेलवर कडाडली. "दिसत नाही, तर वळसा कशाला घातलात?"

"सवय गं, पोरी," मिस ओडेल म्हणाल्या. "या गावात वळसे घालत चालावंच लागतं."

*

संध्याकाळी रॉइस आला. रडून डोळे सुजलेले. "मिस ओडेलनी फोन केला, डेल. तू का नाही केलास?"

मेब्रीने त्याच्या पायाला मिठी मारली.

त्याने गुडघा चोळला. "कुठून वारा येतोय गं इथे?"

*

डेल्फीनने मेब्रीला गाडीत बसवलं.

"आता उचल. उंच. अजून उंच."

रूळ गेले. पलीकडे बागेला पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्याने हात वर केला.

"तुझ्याकडे बघितलं त्याने?"

"नाही, ममा. तुझ्याकडे."

तिने गाडी वळवली.

"ममा, पाय!"

"असू दे."

डावा पाय सवयीने वर येऊ लागला. तिने टाच दाबून धरली.

दोन हिसके.

मायलेकी घरी आल्या तेव्हा मिस ओडेल पायऱ्या उतरत होत्या. व्हरांड्यात दुसरं हॅम होतं. डेल्फीनने हात वर केला.

मिस ओडेलचा हात वर आला नाही. त्या पायरीच्या कडेला सरकल्या, दोघींना जाता येईल एवढी जागा सोडून, आणि खाली उतरून गेल्या.

*

त्या रविवारी कॉबलरचा एक थेंबही सांडला नव्हता.