सेत्तिमिओच्या गिटारची झाकणं

इटलीतल्या कास्तेलफिदार्दोच्या टेकडीवर धुकं उतरलं होतं. दारात नेरीना उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"लिबेराबाई, मला गिटारच्या कारखान्यातून हाकलतायत. तेही चोर म्हणून."

लिबेरा सांतारेल्ली खासगी तपास करी आणि तिचा दीर ग्वेर्रिनो छत्री घेऊन तिच्यामागे हिंडे.

हकिगत अशी होती. गिटारवाला सेत्तिमिओ उन्हाळ्यात वारला. त्याच्या गिटारचे दोन पिकअप, म्हणजे तारांचा सूर पकडणारी तांब्याची वेटोळी, त्यानं स्वतः गुंडाळली होती आणि उघडीच ठेवली होती. त्याच्या स्मरणार्थ चौकात मैफल ठरली. गिटार झळाळावी म्हणून त्याची बायको एर्सीलियानं पिकअपवर निकेलची झाकणं बसवायला ती कारखान्यात दिली. नेरीनानं ती बसवली, गिटार घरी गेली. तालमीत मात्र आवाज परका निघाला. मालक तार्चीजिओनं एक झाकण काढलं, तर आत कारखान्यातला साधा पिकअप!

"झाकणं सोल्डर कुणी केली? मी. मग चोर मीच!"

"झाकण लावण्याआधी काय करतेस?"

"पिकअप पातळ केलेल्या पॅराफिन मेणात बुडवते. पांढरं, मऊ असतं. नाहीतर मोठ्या आवाजात झाकण किंचाळतं."

तार्चीजिओ कारखान्यात घुश्शातच होता.

"सेत्तिमिओची गुंडाळणी शिकायला तुम्ही टपला होता म्हणे," लिबेरा म्हणाली.

"टपलो होतो! त्याला दारू पाजून पाहिली. पण मेलेल्याच्या गिटारीत हात घालायला मी गिधाड आहे का, बाई? आणि असले साधे पिकअप त्याच्या घरच्या खणातही ढिगानं पडलेत."

"दुसरं झाकण काढा."

झाकण तापलं, निघालं. आत मधाच्या रंगाचा थर होता.

"वहिनी, पाइनच्या रानाचा वास!" ग्वेर्रिनो म्हणाला.

"सोल्डरलाही येतो," तार्चीजिओ खेकसला.

लिबेरानं थरावर नख दाबलं. वण उठला नाही.

एर्सीलियाच्या घराच्या तळमजल्यावर सेत्तिमिओचा भाऊ क्विंतो राहत असे. तो अकॉर्डियनचे सूर लावायचा. आताही तो गरम मेणानं सुरांच्या पट्ट्या लाकडावर बसवत होता. जाड पट्टीचा सूर उतरवायला तिच्यावर थेंबभर सोल्डर चढवावं लागे, ते वितळवायची टोकदार इस्त्री शेजारीच होती.

"भावाच्या त्या विजेच्या लाकडाला मी शिवतही नाही," तो म्हणाला.

ग्वेर्रिनो वाकून पाहायला गेला आणि बाहीवर मेण सांडलं. त्यानं खरवडलं. "अहो, हे काचेसारखं तडकतंय!"

"पाइनची राळ असते त्यात. नुसतं मेण उन्हात वितळेल. बाही गेली तुमची, साहेब."

रविवारी सगळे एर्सीलियाच्या स्वयंपाकघरात जमले; तार्चीजिओनं गिटार आणि झाकणं आणली होती. व्हिंचिसग्रासीला, त्या थरांच्या पास्त्याला, कुणी हात लावला नव्हता.

"क्विंतो, ती झाकणं तुम्ही पुन्हा लावलीत," लिबेरा म्हणाली. "नेरीनाचं पॅराफिन पांढरं, नखानं दबणारं. झाकणाखाली होतं ते पिवळं आणि कडक. वास सोल्डरचाही असेल, पण वेटोळ्यावर सोल्डर कुणी ओतत नाही. ते राळेचं मेण होतं, ग्वेर्रिनोच्या बाहीवर आहे तेच. म्हणजे गिटार या घरी आल्यावर झाकणं उघडली गेली. इस्त्री तुमची, साधे पिकअप भावाच्या खणातले."

"पण चोरी लपवायची, तर मेण कशाला घातलं?" ग्वेर्रिनोनं विचारलं.

"जन्मभर सूर लावणाऱ्याला झाकण किंचाळलेलं सोसेल? हात आपोआप मेणाकडे गेला."

क्विंतोनं एर्सीलियापुढे खिशातून रुमाल काढून सोडला. आत दोन उघडी वेटोळी होती.

"त्याच्या शवपेटीचं झाकण मी लावलं, वहिनी. तो उघडं वाजवायचा. त्याच्यावर पुन्हा झाकण बघवेना."

"मला सांगायचं होतंत, भावजी," एर्सीलिया हळूच म्हणाली.

"आणि मला जिवंत पुरत होते, ते बघवलं, काका?" नेरीना म्हणाली.

क्विंतोनं रुमाल तिच्यापुढे सरकवला.

तार्चीजिओनं टोपी काढली. "नेरीना, उद्या कामावर ये."

"उद्याचं उद्या. आज ही वेटोळी उघडीच बसवायचीत. काका, इस्त्री आणा तुमची."

तो इस्त्री आणायला उठला. एर्सीलियानं दोन्ही झाकणं टेबलावर पालथी घातली.

मैफलीला क्विंतो आला नाही. त्या गारठ्यातही तळमजल्याची चौकाकडची खिडकी तेवढी सताड उघडी होती.