जामीनदाराचे ठोके

शनिवारी दुपारी नीलांबिकाने डबा उघडला आणि सवयीने फोनवर अप्पांचं हृदय पाहिलं. हिरवी रेघ नेमाने उठत-बसत होती. मग तिने पहिला घास घेतला.

जैववैद्यक अभियांत्रिकीच्या पदवीसाठी तिने घेतलेलं कर्ज ‘हृदयजामीन’ प्रकारचं होतं. जामीनदाराने छातीवर पातळ चिकटपट्टी लावायची. तिच्यातला संवेदक ठोके टिपून कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि कर्जदाराच्या फोनवर पाठवायचा. पहिल्या आठवड्यातच पट्टी त्या हृदयाची ठेवण शिकून घेई, त्यामुळे पुढे ती दुसऱ्या कोणाला लावून चालत नसे. हृदय ठणठणीत आहे तोवर व्याज निम्मं. जामीनदाराची कमाई मात्र कागदोपत्री हवी. अप्पांचं, म्हणजे रेवणसिद्ध शेट्यांचं, बार्शीत चष्म्यांचं दुकान होतं.

नीलांबिका पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे अशाच, पण नखाएवढ्या पट्ट्या घडत. पगार बेताचा होता. हैदराबादच्या कंपनीने स्कॅनिंगची यंत्रं विकण्यासाठी तिला दुप्पट पगार देऊ केला होता आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. तिने फोन लावून अप्पांना हिशेब ऐकवला. हैदराबादला गेली तर कर्ज तीन-चार वर्षांत फिटेल. इथे राहिली तर चाळिशी उजाडेल, तीही व्याज निम्मं राहिलं तर.

अप्पा दुकानात कोणाचे तरी डोळे तपासत होते. “पाठ केलेलं म्हणू नका हो मामा, दिसतंय तेवढंच वाचा,” असं त्यांचं चाललं होतं. मग ते तिच्याकडे वळले. “यंत्रं विकायला एवढं शिकलीस काय गं? बाळांचं काम सोडू नको. माझं हृदय चाललंय तोवर व्याजाची काळजी कशाला?”

“तुमचं हृदय माझ्यापेक्षा तरुण आहे अप्पा. रेघच सांगते.”

ते हसले. मामांना पुढची ओळ दाखवायची होती म्हणून फोन ठेवला.

रविवारी पहाटे शेजारच्या काडादीकाकांचा फोन आला. अप्पा झोपेतच गेले होते.

बसमध्ये तिने फोन उघडला. हिरवी रेघ चालू होती. काकांची काहीतरी गफलत झाली असेल, डॉक्टरांनी नीट पाहिलं नसेल, असं मनाशी म्हणत ती टेंभुर्णीपर्यंत त्या रेघेला धरून बसली. माणसं चुकतात, पट्टी चुकत नाही, हे ती रोज हाताने पडताळून पाहत होती.

घरी अप्पांना लिंगायत रीतीप्रमाणे अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. स्वामी त्यांच्या उघड्या छातीवर विभूतीचे पट्टे ओढत होते. छातीवर चिकटपट्टी नव्हती. ती काढल्यावर कातडीवर कितीतरी महिने राहतो तो फिका चौकोनही नव्हता.

तिच्या हातातल्या फोनवर अप्पांचं हृदय जोरात धडधडत होतं. तिने मान वर केली. समोर आई रडत होती. आईला हुंदका आला की रेघ उसळत होती.

रुद्रभूमीत अप्पांना समाधी देऊन माणसं परतून पांगली, तेव्हा स्वयंपाकघरात आईने सगळं सांगितलं. कर्ज घेतलं त्याच्या आधीच अप्पांच्या हृदयात दोष निघाला होता. पट्टीने तो एका दिवसात पकडला असता. आईचं हृदय धडधाकट होतं, पण तिच्या शिवणकामाची कमाई कुठल्याच कागदावर नव्हती. म्हणून नाव अप्पांचं राहिलं आणि पट्टी पहिल्या दिवसापासून आईने लावली. तिचंच हृदय अप्पांचं म्हणून यंत्राने शिकून घेतलं. मोठ्या दवाखान्यात गेलं की नोंद होते आणि नोंद संस्थेपर्यंत पोचते, म्हणून अप्पा तिकडे फिरकलेच नाहीत. छातीत भरून आलं की पित्त झालंय म्हणायचे आणि दुकानातल्या बाकावर जरा आडवे व्हायचे.

“तू नोकरीला लागल्यावर मी म्हटलं, आता तरी तिला सांगू या,” आई म्हणाली. “तर म्हणाले, ती रोज रेघ बघून जेवते. जेवू दे.”

नीलांबिकाने हातातला फोन खाली ठेवला.

आईने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. “मृत्यूची नोंद करायची घाई करू नको. जमेल तितके दिवस राहू दे ही पट्टी माझ्या अंगावर. तू बाळांचंच काम कर. त्यांना तेवढंच हवं होतं.”

फोन दोघींच्या मधे ओट्यावर होता. रेघेखाली अप्पांचं नाव होतं. साऱ्या जगात एवढ्या एका ठिकाणी ते अजून जिवंत होते, आणि ती काही बोलली नाही तर उद्याही राहिले असते.

तिने कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवला. आईच्या ब्लाउजचं वरचं हूक काढून ती पट्टी कडेकडेने सोडवू लागली. आईने आधी तिचा हात धरला, मग सोडला. पट्टी निघाली तशी रेघ सपाट झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली : जामीनदाराचे ठोके मिळत नाहीत. आता व्याज पुरं भरावं लागणार होतं; सोमवारी हैदराबादला काय कळवायचं, ते ठरवण्यासारखं राहिलं नव्हतं.

पट्टीखालची कातडी लाल झाली होती, जागोजाग सोलली होती. आईने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. इतकी वर्षं नीलांबिका घरी फोन करायची तो रेघ पाहून झाल्यावर, आणि मग विचारण्यासारखं काही उरत नसे.

तिने फोन पालथा घातला.

“आई,” ती म्हणाली, “तुला काही होतंय का गं?”