हर्बर्ट डिमेलो हजर आहेत

पप्पांना पुरल्यापासून बंद असलेला त्यांचा फोन नॅन्सीने संध्याकाळी चार्जिंगला लावला, आणि तो थरथरायला लागला.

मेसेजवर मेसेज. सगळे एकसारखे: ‘श्री. हर्बर्ट डिमेलो, आपली कामावरची हजेरी नोंदली गेली आहे.’ शेवटचा मेसेज त्याच सकाळचा होता. पप्पांची चर्चमधली महिन्याची मिस्सा होऊन दोन दिवस झाले होते.

नॅन्सी कॉलेजात ग्रंथपाल होती. मेलेली माणसं उठून चालायला लागतात अशा कितीतरी गोष्टी तिने वाचल्या होत्या. पण त्यातलं कुणी वेळेवर कामाला जात नव्हतं.

“दार उघडं टाकून काय बसलीस?” एल्रॉय आत आला. अंगात कामाचं जॅकेट, हातात पावाची पिशवी. शेजारचाच तो, पप्पांचा गॉडसन; बेव्हर्ली त्याची बायको. त्याच्या बाप्तिस्म्यात तान्ह्या एल्रॉयला हातात धरून त्याच्या वतीने सगळी उत्तरं पप्पांनी दिली होती. “बेव्हर्लीने पाठवलेत. तू खाल्लं नाहीस तर ती स्वतः येणार म्हणते. आठव्या महिन्यात ती तुझी पायरी चढली तर डॉक्टर मला मारेल.”

नॅन्सीने फोन पुढे केला. त्याने वाचला. परत वाचला.

“सिस्टीमचा घोळ आहे गं. डिलीट कर ना.”

“कोणीतरी पप्पांच्या नावाने कामाला जातंय, एल्रॉय.”

“जाऊ दे. अंकलना आता तरी आराम करू दे.” तो चहा न घेताच निघून गेला.

पप्पांना आराम कुठला? सरकारी दवाखान्याच्या पाण्याच्या पंपावर त्यांनी कंत्राटी कामगार म्हणून उभी हयात काढली. मग कामगार पात्रता पडताळणी आली. सरकारी जागेत झाडू मारायचा तरी आधी मशीनवर बोटं ठेवून आपण आपणच आहोत हे पटवून द्यायचं. मरोळ गावठाणात चर्चच्या हॉलमध्ये शिबिर झालं, तिथे पप्पांची नोंद झाली. काही महिन्यांनी पोर्टल म्हणालं, हर्बर्ट डिमेलो एकाच वेळी दोन ठिकाणी काम करतात. एक दवाखान्यात, जिथे हजेरी अजून वहीवर होती, आणि एक दुसरीकडे, मशीनवर. म्हणजे यांनी आपली ओळख भाड्याने दिली आहे.

चौकशीत त्यांना एवढंच सांगितलं, मशीनवर परत बोटं ठेवा, लगेच खरंखोटं होईल. पप्पांनी हात खिशातून बाहेर काढले नाहीत. का, ते घरीही सांगितलं नाही. दवाखान्याच्या गेटवर त्यांचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, ‘बोगस कामगार. प्रवेश बंद.’ त्यानंतर ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. एका दुपारी खुर्चीतच गेले.

फोटो अजून गेटवर होता. नॅन्सीला तो उतरवायचा होता. दुसरं काही नको होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती अंधेरीला गेली. तिथल्या पडताळणी कार्यालयात पद्मजा मॅडम बसत. त्यांनी मृत्यूचा दाखला पाहिला, मेसेज पाहिले आणि नॅन्सीला खुर्ची दिली. त्या ऑफिसात हे कमी नव्हतं.

“माझ्या वडिलांच्या जागी कोण आहे?”

“ते नाही दिसत. मशीनच्या दृष्टीने ते तुमचे वडीलच आहेत.”

“ठिकाण?”

“साकीनाक्याचं एक सरकारी गोदाम. कंत्राटदाराची माणसं आहेत, आणि बंदी फक्त दवाखान्यापुरती आहे. रोज शंभर-दीडशे बोटं लागतात, हिरवा दिवा लागला की पुढे. नाव कोण बघतो?”

“वडिलांची नोंद बघता येईल?”

पद्मजा मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. पप्पांचा फोटो होता, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेला. त्याखाली दोन हातांची आकृती. दहाही बोटं हिरवी.

शवपेटीत पप्पांच्या हातांत रोझरी तिनेच गुंडाळली होती. डाव्या हाताशी ती सारखी सुटत होती.

“मॅडम, त्यांच्या डाव्या करंगळीशेजारच्या बोटाला पेर नव्हतं. तरुणपणी प्रेस मशीनमध्ये गेलं.”

पद्मजा मॅडमनी चष्मा काढला. “मग हे हात त्यांचे नाहीत.”

“कोणाचे?”

“शिबिरातले ऑपरेटर कधीकधी असं करतात. म्हाताऱ्यांची बोटं झिजलेली असतात, मशीन घेत नाही. दिवसाचा आकडा भरायचा म्हणून स्वतःची लावून मोकळे होतात. तुमच्या शिबिरात किरण म्हणून मुलगा होता. सोडून गेला.”

“किरणच असेल तर त्याने अजून किती जणांसाठी असं केलं?”

पद्मजा मॅडमनी शोधलं. मान हलवली. “त्या शिबिरातली ही एकच नोंद दोन ठिकाणी दिसतेय.”

“मग तो किरण नाही. सवयीने बोट लावणारा एकदाच लावत नाही.” नॅन्सीने खुर्ची पुढे ओढली. “गोदामातली हजेरी दाखवा. पप्पा गेल्यापासूनची.”

रविवार सोडले तर खाडे दोनच होते. नॅन्सीला तारखा आठवाव्या लागल्या नाहीत. एका दिवशी पप्पांना पुरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांची महिन्याची मिस्सा होती.

“फोटो उतरेल का?” तिने विचारलं.

“हरकत ज्याची त्यानेच घ्यायची. समक्ष येऊन, जिवंत बोट लावून.”

“ते गेलेत.”

“मला दिसतंय हो. मशीनला तो कॉलमच नाही.” पद्मजा मॅडमचा आवाज खाली आला. “दुसरा रस्ता एकच. ज्याची बोटं आहेत त्याने कबूल करायचं. त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, आणि त्याला आयुष्यात कुठलंही सरकारी काम नाही. खाजगीवालेही आता हेच पोर्टल बघतात.”

“म्हणजे कुठलंच काम नाही.”

मॅडमनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवली.

*

संध्याकाळी एल्रॉय आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता. नॅन्सी त्याच्या शेजारी बसली.

“गोदामात काम करतोस ना? साकीनाक्याला?”

“तुला माहीत आहे की.”

“नोकरी लागल्याचे पेढे खाल्ले होते. नुसतं लक्षात नव्हतं.” तिने त्याच्याकडे बघितलं नाही. “पप्पांच्या नावाने काम करणारा माणूस पप्पांच्या मातीला आला होता, एल्रॉय. त्या दिवशी त्याने खाडा केला. मिस्सेलाही केला. किरण कशाला रजा काढेल? शिबिराला पप्पांना स्कूटरवरून तू नेलंस. आणि चौकशीत पप्पांनी हात लपवले. स्वतःला वाचवायला कोणी स्वतःचं बोट लपवत नाही. त्यांनी बोट ठेवलं असतं तर नोंदीतली बोटं त्यांची नाहीत हे कळलं असतं. मग शोध सुरू झाला असता, ती कोणाची.”

एल्रॉयने दोन्ही तळवे मांडीवर उलटे टाकले, जणू ते आता त्याचे नव्हते.

“मशीन लाल, लाल, सारखं लाल. मागे रांग. तो किरण ओरडला, कोणाचीतरी ठेवा रे, मला जेवायला जायचंय. अंकल सारखे हात पँटला पुसत होते. मी म्हटलं, तुम्ही बाप्तिस्म्यात माझ्यासाठी ‘हो’ म्हणालात, आता मी तुमच्यासाठी ठेवतो. ते हसले पण. मग माझी पाळी आली. तेच हात परत ठेवले. तेव्हाही हिरवं.”

“आणि त्या बोटांवर गोदामाच्या मशीनला तुझ्याआधी पप्पांची नोंद सापडली.”

“मला कुठे ठाऊक? अंकलना मेसेज यायचे, त्यांना आधी कळलं.”

नॅन्सीला ते सकाळचे पप्पा आठवले. बोटाच्या मागच्या हाडाने फोनवर टकटक करून काहीतरी पुसून टाकायचे. विचारलं की म्हणायचे, फालतू जाहिराती गं.

“फोटो लागला तेव्हा मी म्हटलं, जाऊन सांगतो. त्यांनी मला क्रूसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कुणाला सांगणार नाही म्हणून. म्हणाले, बेव्हर्लीला दिवस गेलेत. माझं काम संपत आलंय, तुझं आता सुरू होतंय. माझं नाव गेलं तर गेलं.” एल्रॉयने नाक पुसलं. “तू सांग, नॅन्सी. तू म्हणशील तर उद्या गोदामात न जाता तिकडे जातो. आईशपथ.”

आतून बेव्हर्लीने हाक मारली, जेवायला या म्हणून.

नॅन्सीला ‘जा’ म्हणायचं होतं. शब्द तोंडात आला होता. तो बाहेर पडला नाही, आणि ‘नको’ सुद्धा पडला नाही. ती उठून घरी आली.

*

सकाळी ती कॉलेजला निघाली ती मुद्दाम दवाखान्यावरून. पर्समध्ये पप्पांचा फोन होता.

गेटवर पप्पा उन्हाने फिके पडले होते. एक कोपरा सुटून फडफडत होता. वॉचमनने तिला ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं. पूर्वी तो पप्पांच्या डब्यातला बोंबील मागून खायचा.

फोन वाजला तर एल्रॉय गोदामात. नाही वाजला तर तो अंधेरीला, पद्मजा मॅडमसमोर. ती तिथेच उभी राहिली. आपल्याला काय हवंय हे तिला अजूनही सांगता आलं नसतं.

पर्स थरथरली.

तिने फोन काढला नाही. आत काय लिहिलं असेल ते तिला पाठ होतं. तिने अंगठ्याने फोटोचा सुटलेला कोपरा दाबून धरला. चिकटला नाही. तरी ती थोडा वेळ तसाच दाबून उभी राहिली.