रिकामा आलेला डबा

“बाई, माझ्या लेकीचं गुपित कुणी फोडलं तेवढं सांगा,” माकणीचा बिराप्पा बसायच्या आधीच म्हणाला. “मग म्या बघतो त्याच्याकडं.”

शिवकन्या धाराशिवात खासगी तपासाची कामं करायची. तिचे मदतनीस हिंमतराव म्हणजे रिटायर जमादार. नजर तेज, डोकं मात्र दमानं चालणारं. त्यांनी बिराप्पाला आणि त्याच्या बायकोला, नागूबाईला, खुर्च्या दिल्या आणि चहा सांगायला गेले.

त्यांच्या प्रतीक्षाला लहानपणापासून फिट यायची. गोळ्यांनी ती थांबली होती आणि घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. मग शहरातल्या दवाखान्यात राजेश्वरी नावाच्या बाईनं गोळ्यांच्या कंपनीसाठी पाहणी केली, प्रतीक्षाशी बोलली. त्यानंतर थोड्याच दिवसांत जळकोटच्या मल्हारशी ठरलेलं लग्न मोडलं. ‘पोरीला फिट येते,’ एवढाच निरोप आला.

“मल्हारला ती सोता सांगणार व्हती,” नागूबाई म्हणाली. “आता गोळीच घेत न्हाय. म्हणती, दवाखान्यातली माणसंच इकतेत आपल्याला. काल चुलीपाशी पडली, बाई. हात भाजला.”

“निरोपाच्या आधी त्यांच्याकडं काही पाठवलं होतं?”

“लाडू. पाहणीत मिळालेल्या निळ्या झाकणाच्या डब्यातून. नवाकोरा व्हता म्हणून. तर डबा रिकामाच परत आला! चिमूटभर साखर न्हाय घातली.”

भांडण असलं तरी शेजारणीचा डबा आपल्याकडं कुणी रिकामा धाडत नाही. शिवकन्येनं मान हलवली. हिंमतराव चहा घेऊन परतले तेव्हा हे बोलणं संपलं होतं. निळ्या झाकणाच्या डब्यातून लाडू जळकोटला गेले, तेवढंच त्यांना नंतर कळलं.

राजेश्वरीला भेटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मॅडम, मी दार लावून बोलले. परवानगी घेतली, नाव कुठं घेतलं नाही. डॉक्टरांनासुद्धा उत्तरं कळली नाहीत. बिराप्पा मला पोलिसात देणार म्हणतात.”

“आणि तो डबा?”

“आभार म्हणून. कंपनीनं खास बनवून घेतलेत, दुकानात मिळत नाहीत. ही गोळी घेणारे जे आमच्याशी बोलले, त्यांनाच दिले.”

जळकोटला मल्हारची आई उमादेवी चौकटीत आडवी उभी राहिली. “लोक बोलतेत. नाव कशाला सांगू?” आत मल्हार भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. शिवकन्येनं पाणी मागितलं, तेव्हा कुठं उमादेवी आत वळली.

बाहेर आल्यावर हिंमतराव कुजबुजले, “फळीवर निळ्या झाकणाचा डबा पाहिलात? नागूबाईंचा डबा दाबून बसल्यात!”

शिवकन्या गाडीत बसली. “माकणीला घ्या,” ती म्हणाली.

बिराप्पा दारातच वाट पाहत होता. त्याला ओसरीवर थांबवून शिवकन्या आत गेली. प्रतीक्षाच्या हाताला फडकं बांधलं होतं.

“राजेश्वरीनं तोंड उघडलं नाही,” शिवकन्या म्हणाली. “डॉक्टरांनीही नाही. तिनं सगळं लपवलं, पण कंपनीनं ओळखू येईल अशी वस्तू हातात दिली. चूक तिथं झाली. तुझा डबा जळकोटला गेला आणि रिकामा परत आला. म्हणजे तो उघडायच्या आधीच कुणीतरी ओळखला होता. यापुढं मला विचारू नकोस.”

“पण परत कुठं आला?” हिंमतराव न राहवून बोलले. “तो तर उमादेवींच्या फळीवर...”

बोलता बोलता त्यांची नजर प्रतीक्षाच्या फळीकडं गेली. निळ्या झाकणाचा डबा तिथं होता. हिंमतरावांचा चेहरा पडला. शिवकन्येनं डोळे मिटले. जे तिला कुणालाच सांगायचं नव्हतं, ते सांगून झालं होतं.

प्रतीक्षानं फळीवरचा डबा उचलला. “ह्यो डबा ही गोळी घेणाऱ्यालाच मिळतो. म्हंजे त्यालाबी...” तिला हुंदका आवरेना. “बाई, आमी दोघंबी एकमेकाला सांगायला भीत व्हतो व्हय?”

शिवकन्येला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

“कोण व्हतं गं?” बिराप्पा उंबऱ्यात आला.

प्रतीक्षानं डोळे पुसले. “कुणीच न्हाय, अप्पा. राजेश्वरीताईंनी न्हाय सांगितलं. तुमी कुणाकडंबी जायचं न्हाय.” तिनं तांब्या ओढला, गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली.

गाडीपर्यंत ती सोडायला आली. “त्याला म्हणावं, गोळी चुकवू नको.”

शिवकन्येनं मान हलवली. जळकोटचा फाटा आला तेव्हा हिंमतरावांनी गाडीचा वेग कमी केला आणि तिच्याकडं पाहिलं.

“सरळ चला,” ती म्हणाली. “तो निरोप दिला, की त्याचंही गुपित फुटलं.”