फोटोखालचं नाव

"अहो, ते खायचं नव्हतं!"

मी ओरडले तोवर थालीपिठाचा तुकडा त्याच्या तोंडात गेलासुद्धा होता.

"मग कशासाठी होतं?" त्यानं भरल्या तोंडानं विचारलं.

"फोटोसाठी! तो लोण्याचा गोळा नीट बसवायला अर्धा तास लागला मला..."

"मग चूक तुमचीच," तो बोटं चाटत म्हणाला. "इतकं छान मांडल्यावर माणूस खाणारच. फोटो पास झाला म्हणायचा."

असा भेटला मला गोरक्ष. एकाहत्तर सालचा हिवाळा होता. नगरमध्ये राधाकृष्ण सरांचा फोटो स्टुडिओ होता. एका मासिकानं त्यांच्याकडे गावोगावच्या पदार्थांचे फोटो मागितले होते. सरांनी आम्हा पाच जणांना हाताशी घेतलं. रविवारी स्टुडिओत शिकायचं आणि सुट्टीच्या दिवशी यष्टीनं गावं फिरायची. मी बालवाडीत शिकवत होते. गोरक्ष नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होता. पाच जणांत कॅमेरा एकच, त्यामुळे जोड्या लावलेल्या. थालीपिठाच्या भांडणानंतर सरांनी मुद्दामच मला गोरक्षबरोबर टाकलं असावं.

भंडारदऱ्याला गेलो तेव्हा नागलीच्या भाकरीचा फोटो काढायचा होता. मी कॅमेऱ्यावर वाकले होते आणि पांढरा पुठ्ठा धरून भाकरीवर उजेड पाडायचं काम गोरक्षकडे होतं.

"भाकरीवर पाडा ना उजेड," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांवर काय पाडताय?"

"पुठ्ठा माझ्या हातात आहे," तो म्हणाला. "उजेड कुठं पाडायचा ते मी बघतो."

मी मान वर केली नाही. वर केली असती तर हसले असते... आणि हात हलला असता.

परत येताना धरणाच्या भिंतीवर बसलो होतो. त्यानं सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"वडील कचेरीत आहेत," मी म्हणाले. "आई घरीच असते."

एका दमात सांगून टाकलं. वडील मी पाच वर्षांची असतानाच गेले होते. आणि माझी आई, रतनबाई, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चूल मांडून पिठलं-भाकरी विकत होती. त्याच भाकरीवर तिनं मला नगरला मावशीकडे ठेवून शिकवलं होतं. मी मात्र शाळेत असतानाच जिभेवरचं 'हाय' आणि 'न्हाई' घासून काढलं होतं. मैत्रिणींना सांगायचे तेच मी त्यालाही सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात सर म्हणाले, "शुक्रवारी सुट्टी आलीय. आता घोडेगाव. बाजारातलं जेवण हवंय."

त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरी राहावं, असं मी ठरवलं होतं. पण गोरक्ष मावशीच्या दारात येऊन उभा राहिला. "चला, खिडकीजवळची जागा धरायला माणूस बसवून आलोय." मनात म्हटलं, बाजार केवढा मोठा... हजारो बैल, शेकडो माणसं. कशाला गाठ पडेल?

पण सरांना धूर दिसला की ते तिकडेच वळायचे. धुरातलं ऊन फोटोत फार छान येतं म्हणायचे. ते सरळ आईच्या चुलीपुढे जाऊन उभे राहिले.

आई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं. मला बघताच तिचा चेहरा उमलला.

"चां—"

"बाई," मी घाईनं म्हणाले, "जरा मागं सरकता का? भाकरीवर सावली पडतेय तुमची."

आईचे हात थांबले. क्षणभरच. मग ती मागं सरकली.

"व्हय, बाईसाब," ती म्हणाली.

गोरक्षनं कॅमेरा घेतला, मी पुठ्ठा धरला. पुठ्ठा थरथरत होता. "वारा आहे का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

निघताना आई मागून आली. केळीच्या पानात गुंडाळलेली भाकरी तिनं माझ्या हातात ठेवली. "वाटंत खावा, बाईसाब. उनाचं फिरता तुमी." एवढंच म्हणाली आणि वळली.

यष्टीत गोरक्ष चिडवत राहिला. "आम्हा कुणाला दिली नाही, तुम्हालाच बरी दिली. काय जादू केलीत?" मी खिडकीबाहेर बघत होते. ती भाकरी मला गिळवेना. अर्धी त्याला दिली, अर्धी मांडीवर तशीच राहिली.

रविवारी आम्ही डार्करूममध्ये फोटो धुवायला उभे राहिलो. लाल दिव्याच्या उजेडात कागद रसायनात हलत होता. आधी चूल उमटली, मग तवा, मग टम्म फुगलेली भाकरी... आणि मग आईचे डोळे.

"गंमत बघा," गोरक्ष हळूच म्हणाला. "बाराच्या बारा फोटोंत या बाई एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. सगळ्यांत तुमच्याकडेच बघतायत."

मी चिमट्यानं कागद उलटा केला.

"फोटो उद्या सकाळीच टपालानं जायचेत," बाहेरून सर म्हणाले. "खाली नाव हवं. त्या बाईंचं नाव विचारलंत का कुणी?"

"राहिलंच की सर," गोरक्ष म्हणाला. "नुसतं 'बाजारातली एक बाई' लिहू?"

बाजारातली एक बाई. मीही तर तिला तसंच म्हटलं होतं! मी कशीबशी म्हणाले, "रतनबाई. रतनबाई लिहा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझी आई आहे ती."

त्यानं कागद चिमट्यानं उचलून धरला. कागदावरून पाणी निथळत होतं. मला वाटलं, आता हसेल, काही चिडवेल... तो हसला नाही.

"मला खोटं सांगितलंत, त्याचं मला काही वाटत नाही," अखेर तो म्हणाला. "पण त्या माउलीनं तुम्हाला बाईसाब म्हटलं हो. आणि तुम्ही म्हणवून घेतलंत."

मी तोंड झाकून घेतलं. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पण डार्करूमची फरशी जागची हलली नाही. मी रडत राहिले आणि तो शेजारी उभा राहिला.

"बाजार कधी आहे पुन्हा?" त्यानं विचारलं.

"दर शुक्रवारी भरतो."

"मी रजा टाकतो."

शुक्रवारी आम्ही घोडेगावच्या स्टँडवर उतरलो. गोरक्ष दोन पावलं मागं राहिला. मी चुलीपाशी गेले. बैलवाल्यांची पंगत बसली होती. त्यांच्यासमोरच मी हाक मारली, "आई!"

आईनं भाकरी उलटली. वर पाहिलं नाही.

"आई, मी चुकले गं."

"त्या दिशी लई लागलं मला," ती तव्याकडे बघत म्हणाली. "रातभर डोळा न्हाई लागला. म्हटलं, माजी लाज वाटती पोरीला."

"तुझी नाही... आता माझीच वाटतेय."

एक म्हातारा बैलवाला हातातला घास तसाच धरून बघत होता. "रतनबाई, कोन हाय ही?"

आई माझ्याकडे बघू लागली. मी सांगते का नाही, ते तिला ऐकायचं होतं.

"मी यांची लेक, चांगुणा," मी मोठ्यानं म्हणाले.

आईनं पिठाचा हात पदराला पुसला, तरी माझ्या गालाला पीठ लागलंच. मग तिची नजर माझ्यामागं गेली.

"आनि ह्यो कोन?"

"हे... गोरक्ष. माझ्याबरोबर फोटो शिकतात." मी अडखळले. पण आता काहीच लपवायचं नव्हतं. "आणि... मला आवडतात."

बैलवाल्यांची पंगत एकदम जेवायची थांबली. गोरक्ष कानापर्यंत लाल झाला.

"हिनं तर सांगितलं," आई त्याला म्हणाली. "तुला बोलता येतंय का न्हाई?"

"येतं, आई," तो पुढं येऊन म्हणाला. "भंडारदऱ्यापासूनच बोलायचं होतं... धीर होत नव्हता."

आईनं त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग परातीत आणखी दोन ओंजळी पीठ घेतलं आणि मला म्हणाली,

"उबी काय ऱ्हायलीस? पानी वत."